जुनं हॉटेल पाडताना टाळ्या कशाला?

लास वेगासला निघालात की अमेरिकेत राहणारा प्रत्येक मित्र एकच सल्ला देतो: ‘स्ट्रिपवरच्या जुन्या हॉटेलात उतरू नकोस, थोडे जास्त टाक आणि नवीन घे.’ मी जुन्यातच उतरलो आणि पुन्हा गेलो तर जुन्यातच उतरेन. याला नॉस्टॅल्जिया म्हणू नका. माझ्या कुठल्याच आठवणी तिथं नाहीत. माझा मुद्दा हिशेबाचा आहे.

तक्रारी खऱ्या आहेत. गालिच्याला सिगारेटचा वास होता, एसी रात्रभर घुरघुरत होता. पण मागच्या दारानं बाहेर पडलं की ताडाची झाडं, सिमेंटच्या खडकांवरून पडणारा धबधबा आणि तलावात डुंबणारी माणसं. अंगभर टॅटू असलेला बाप, त्याची तीन पोरं, कडेला टोपी घालून बसलेली आजी. वाळवंटातलं हे बेट नकली, मान्य. पण कॅसिनोच्या आत ना घड्याळ, ना खिडकी. इथं ऊन सरकतं, दिवस किती गेला ते कळतं. अख्ख्या इमारतीत ही एकच जागा अशी होती, जिथं तासभर बसून खिसा हलका होत नव्हता.

कॅसिनोवाल्यांनी ती दानधर्म म्हणून बांधली नव्हती. जुना हिशेब साधा होता: खोली स्वस्त, जेवण स्वस्त, पोहणं फुकट आणि वसुली टेबलावर. १९५७ साली उघडलेल्या ट्रॉपिकानात तर पुढं पाण्यात बसून ब्लॅकजॅक खेळायची सोय झाली. त्या काळाचे गोडवेही नकोत. मार्च १९६० पर्यंत स्ट्रिपवरच्या हॉटेलांना कृष्णवर्णीय कलाकार रंगमंचावर चालायचे, पाहुणे म्हणून नाही.

आता हिशेब उलटला आहे. स्ट्रिपवरच्या मोठ्या कॅसिनोंचं निम्म्याहून अधिक उत्पन्न जुगाराबाहेरून येतं: खोल्या, जेवण, दारू, शो. मग तलावाकाठच्या खुर्चीनंही कमावलं पाहिजे. म्हणून डीजे आला, तिकीट आलं, सावलीचं भाडं आलं. बरं, जुगार तरी सुधारला का? अनेक टेबलांवर ब्लॅकजॅक लागला की ३:२ ऐवजी ६:५ दरानं पैसे मिळतात. १० डॉलर लावल्यावर जिथं १५ जिंकायचात, तिथं १२.

‘जुनी हॉटेलंही लुबाडतात’ असं म्हणाल. लुबाडतातच. जाहिरातीतल्या भाड्यात नसलेली ‘रिसॉर्ट फी’ माझ्याही बिलात होती. १२ मे २०२५ पासून अमेरिकेत फेडरल ट्रेड कमिशनच्या नियमानुसार अशी सक्तीची फी धरूनच किंमत दाखवावी लागते. पण फी घ्यायला बंदी नाही. मग ज्याचे पैसे सक्तीनं घेता, तो तलाव तरी पुन्हा तिकीट न लावता वापरू द्या.

पाण्याचा आक्षेप जास्त जड आहे. लास वेगासचं सुमारे ९० टक्के पाणी कोलोरॅडो नदीचं, आणि ती नदी आटते आहे. २०२२ पासून क्लार्क काउंटीत घरासाठी नवा स्विमिंग पूल बांधायचा तर ६०० चौरस फुटांची मर्यादा आहे. योग्यच आहे. पण मग शेकडो जण वाटून घेतात तो तलाव जपायला नको का? तोच तिकिटाच्या भिंतीआड गेला तर वाफ तेवढीच होते, डुंबणारी माणसं मात्र कमी होतात.

१७ जुलै २०२४ ला मिराज बंद झालं. ९ ऑक्टोबरला पहाटे ट्रॉपिकानाचे दोन मनोरे आतषबाजी आणि ड्रोनच्या खेळासह पाडले. त्या जागी बेसबॉलचं स्टेडियम होणार आहे. धुरळ्याचे रील आपण सगळ्यांनी पाहिले, लाइक करून पुढं सरकलो. जुनाट होतं, गेलं. पण तिथं तिकीट न काढता बसता येत होतं, ते कुठं गेलं?

तुम्ही कधी गेलात तर बुकिंग करताना हॉटेल किती नवं आहे ते विचारू नका. खोलीचं भाडं भरल्यावर पुन्हा पैसे न देता सावलीत कुठं बसता येईल, एवढंच विचारा.