साठ गाड्या, एक गिऱ्हाईक

आमच्या सोसायटीत पहाटे गाड्या धुणारा एक तरुण आहे. बादली आणि फडक्यापासून सुरुवात करून त्याने व्हॅक्यूम, पॉलिशचे मशीन आणि हाताखाली चार पोरे अशी मजल मारली. गेल्या रविवारी तो पेढे घेऊन आला. हिंजवडीतल्या कंपन्यांना टॅक्सी पुरवणाऱ्या एका ठेकेदाराने त्याला ६० गाड्या देऊ केल्या होत्या. "काका, आता दारोदार फिरणं संपलं. एकच गिऱ्हाईक, एकच बिल!"

पेढा तोंडात टाकला, पण माझ्यातला बँक अधिकारी जागा झाला. मी निवृत्त झालो, तो अजून झालेला नाही.

असे काम मिळते कसे, हे त्या मुलाला नेमके कळले होते. हौशी मालकाला गाडी चकचकीत हवी असते; भाड्याच्या गाडीचा मालक ती रस्त्यावर कधी येते ते बघतो. उभी गाडी म्हणजे बुडालेले भाडे. म्हणून दोन पाळ्यांच्या मधल्या वेळात तळावरच गाडी धुऊन देणाऱ्याला काम मिळते आणि नोंदवही ठेवणाऱ्याकडे ते टिकते. गाडीचा क्रमांक, वेळ, आधीचे ओरखडे, ड्रायव्हरची सही. सही नसली की महिनाअखेरीस कुठला तरी ओरखडा आपल्या नावावर चढतो आणि बिलातून पैसे कापले जातात.

त्याला न कळलेली गोष्ट कागदावर मांडून दाखवली. गाडीमागे महिना ६०० रुपये, म्हणजे महिन्याचे ३६,००० रुपये. ठेकेदाराची अट, बिलानंतर ९० दिवसांनी पैसे. पहिला चेक हाती पडेपर्यंत चार महिन्यांचे काम झालेले असणार आणि १,४४,००० रुपये अडकलेले असणार. पोरांचा पगार, शाम्पू, पेट्रोल मात्र रोख. तो कागदाकडे बघत राहिला. "म्हणजे त्याचा धंदा मी चालवायचा?"

कायदा त्याच्याच बाजूने आहे. सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांसाठीच्या २००६ च्या कायद्यानुसार नोंदणी केलेल्या लहान उद्योजकाचे पैसे लेखी करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसल्यास १५ दिवसांत द्यावे लागतात. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज. वर २०२३ च्या वित्त कायद्याने आणखी एक चाप लावला आणि तो १ एप्रिल २०२४ पासून लागू झाला: मुदत टाळली तर तो खर्च पैसे प्रत्यक्ष देईपर्यंत आयकरात वजा मिळत नाही. तरीही तक्रार करायला लहान माणूस धजत नाही. पाण्यात राहून माशाशी वैर कोण घेणार? व्याज मागितले की पुढच्या महिन्याचे काम दुसऱ्याला.

नोकरीत असताना एका वर्कशॉपवाल्याचे कर्ज मीच मंजूर केले होते. एका मोठ्या कारखान्याची ऑर्डर पाहून मी भुललो. खाते थकले तेव्हा वसुलीला त्याच्या घरी गेलो. त्याच्या पत्नीने चहा ठेवला, त्याने कपाटातून न मिळालेल्या बिलांची फाईल काढली. आमच्या कर्जापेक्षा त्याचे येणे जास्त होते. काम उत्तम, माणूस सचोटीचा, तरी बुडाला. तो चहा मला अजून आठवतो.

मोठे गिऱ्हाईक स्वतःच बसले तर? एप्रिल २०२५ मध्ये ब्लूस्मार्ट या विजेवरच्या टॅक्सी कंपनीची दिल्ली, बेंगळुरूतली सेवा एकाएकी थांबली. हजारो ड्रायव्हरांचे काम गेले. गाड्या उभ्या राहिल्या की त्या धुणारे हातही थांबतात. त्यांची बातमी होत नाही.

मी त्याला एवढेच सांगितले: निम्म्याच गाड्या घे, ४५ दिवसांची मुदत लिहून घे, बिलावर उद्यम नोंदणीचा क्रमांक घाल आणि सोसायटीतली घरे सोडू नकोस. वेळेवर पैसे मागितल्याने तुटणारे गिऱ्हाईक मुळात आपले नसतेच.

आपली मुले-सुना याच टॅक्सींतून कामावर जातात. त्यांच्यापैकी कुणी मोठ्या कंपनीत बिले मंजूर करत असेल, तर टेबलावरचे सर्वांत लहान बिल आधी हातात घ्यावे.

दोन दिवसांनी तो परत आला. ठेकेदाराने ४५ दिवस मान्य केले होते, पण गाड्या २५ च दिल्या.

"काका, पेढे जास्तच वाटले की काय?"

"नाही रे. पुढचे मात्र पहिला चेक वटल्यावर आण."