चालते आहे तोवर चालू द्या, हे धोरण महागात पडेल

कासारवाडी, फुगेवाडी, भोसरी या पट्ट्यात जॉबवर्क करणाऱ्या लहान वर्कशॉपचा हिशेब आता वहीत राहिलेला नाही. कोणत्या कंपनीचा किती माल कोणत्या चलनावर आला, त्यातला किती तयार होऊन परत गेला, किती रिजेक्ट झाला, बिल कधी झाले आणि पैसे किती यायचे आहेत, हे सारे एखाद्या स्थानिक तरुणाने लिहून दिलेल्या प्रोग्राममध्ये असते. त्या प्रोग्रामच्या पोटात डेटाबेस असतो. मालकाला तो कधी दिसत नाही. त्यामुळे डेटाबेसची आवृत्ती बदलायची वेळ आली की चर्चा होते ती फक्त प्रोग्राम लिहिणाऱ्यांमध्ये. ज्याचा माल आणि ज्याचा पैसा, त्याला कोणी विचारत नाही आणि तोही विचारत नाही. आमचा आक्षेप या प्रथेला आहे.

लहान सॉफ्टवेअरवाल्यांत माय-एसक्यूएल हा डेटाबेस बराच वापरला जातो, कारण तो फुकट मिळतो. त्याची ५.७ ही आवृत्ती २०१५ साली आली आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये तिची मुदत संपली. मुदत संपली म्हणजे प्रोग्राम बंद पडला असे नव्हे. त्यात एखादे भोक सापडले तर ते बुजवून मिळत नाही, एवढाच त्याचा अर्थ, आणि तो काही लहान अर्थ नाही. पुढच्या ८.० आवृत्तीलाही एप्रिल २०२६ ही शेवटची मुदत ठरली. त्यापुढची ८.४ ही दीर्घ मुदतीची आवृत्ती एप्रिल २०२४ मध्ये आली, परंतु ५.७ वरून थेट ८.४ वर उडी घेता येत नाही, वाटेत ८.० वर थांबावे लागते. मायक्रोसॉफ्टचा एसक्यूएल सर्व्हर घेणाऱ्यांचीही यातून सुटका नाही. त्याच्या २०१४ च्या आवृत्तीची मुदत ९ जुलै २०२४ रोजी संपली.

अशा वेळी प्रोग्रामवाल्याचे ठरलेले उत्तर असते, "चालतंय ना, मग कशाला हात लावायचा?" हे उत्तर केवळ आळसाचे आहे असे समजू नये. त्यामागची भीती खरी आहे. ५.७ मध्ये नोंदींचे गट करून बेरीज मागितली की यादी आपोआप क्रमाने लागून येत असे. ८.० मध्ये ती सोय काढून टाकली. क्रम हवा असेल तर तो स्पष्ट शब्दांत मागावा लागतो. आता समजा, एखाद्या वर्कशॉपचा प्रोग्राम परत गेलेला माल सर्वांत जुन्या चलनातून वजा करतो आणि सर्वांत जुने म्हणजे यादीतले पहिले, असे धरून लिहिलेला आहे. नव्या आवृत्तीवर तो चालेल, चुकीचा संदेशही देणार नाही, आणि माल मात्र भलत्याच चलनातून वजा होत राहील. जुने चलन कागदोपत्री उघडे राहील. जीएसटी कायद्याच्या कलम १४३ प्रमाणे जॉबवर्कला दिलेला कच्चा माल एका वर्षात परत आला नाही, तर तो पाठवला त्या दिवशीच विकला असे धरले जाते आणि व्याजासह कर लागतो. कर माल पाठवणाऱ्या कंपनीचा हे खरे, पण मेळ बसला नाही की डेबिट नोट कोणाच्या दारात येईल, हे जॉबवर्क करणाऱ्या बांधवांना सांगायला नको.

ज्या बिघाडाने प्रोग्राम बंद पडतो तो परवडला. उदाहरणार्थ, ८.० मध्ये 'रँक' हा शब्द डेटाबेसने स्वतःसाठी राखून ठेवला आहे. कोणी रकान्याला ते नाव दिले असेल तर पहिल्याच दिवशी प्रोग्राम अडतो आणि दुरुस्त होतो. पक्षकारांची नावे मराठीत भरलेली असतील तर ती वेडीवाकडी अक्षरे होऊन दिसू शकतात, कारण अक्षरे साठवण्याची मूळ पद्धतच बदलली आहे. तेही डोळ्यांना दिसते. न दिसणारा फरक घातक. त्यात ८.० वर गेल्यावर मागे येण्याचा रस्ता नाही. बदलापूर्वी घेतलेला बॅकअप परत बसवणे एवढाच उपाय, आणि मग मधल्या दिवसांच्या नोंदी पुन्हा हाताने भरा.

तरीही जुन्याला चिकटून राहणे हा मार्ग नव्हे. २०१७ साली ईद २६ जूनला होती. दुसऱ्याच दिवशी जगभर नॉटपेट्या नावाचा विषाणू पसरला आणि न्हावा शेवा बंदरातील एका टर्मिनलचे संगणक बंद पडून कंटेनरच्या गाड्या खोळंबल्या. चाकणचा निर्यातीचा माल ज्या बंदरातून जातो ते हे बंदर. या विषाणूने एका संगणकातून दुसऱ्यात शिरण्यासाठी वापरलेल्या वाटांपैकी एक वाट विंडोजमधील अशा भोकाची होती, ज्याची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने त्याच वर्षी मार्चमध्ये देऊन ठेवली होती. अर्थात नाण्याची दुसरी बाजूही येथेच आहे. हा विषाणू मुळात बाहेर पडला तो युक्रेनमधील एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधूनच! नवे म्हणजे निर्धोक, हेही खरे नाही. ब्रिटनमधील टीएसबी बँकेने एप्रिल २०१८ मध्ये शनिवार-रविवारच्या सुट्टीत आपले खातेदार नव्या प्रणालीवर नेले. लाखो लोकांना आपलीच खाती उघडता येईनात. डिसेंबर २०२२ मध्ये बँकेला ४ कोटी ८६ लाख पौंडांहून अधिक दंड झाला.

आता मालकवर्गाविषयी थोडे कटू. दहा-बारा लाखांच्या मशीनला तेल-पाणी आणि सर्व्हिसिंग करण्यात आपण हयगय करीत नाही, परंतु प्रोग्रामच्या वार्षिक देखभालीचे पैसे मागितले की घासाघीस सुरू होते. "एकदा पैसे दिलेत ना?" असे म्हणणाऱ्याला चाचणीचे आठ-पंधरा दिवसांचे काम कोणी फुकट का करून द्यावे? सूरह बकराची २८२ वी आयत ही कुरआनातील सर्वांत मोठी आयत, आणि ती उधारीच्या व्यवहाराच्या लिखापढीविषयी आहे. त्यात लिहिणाराही आहे, साक्षीदारही आहेत, आणि लिहिणाऱ्याला त्रास होऊ नये याचीही ताकीद आहे. आज तो लिहिणारा म्हणजे आपल्याच मोहल्ल्यातील संगणकावर बसलेला तरुण होय. त्याच्याकडे आपली नोंद अमानत आहे आणि त्याची मजुरी हे आपल्यावरचे देणे आहे.

प्रोग्रामवाल्या तरुणांकडूनही अपेक्षा आहे. डेटाबेस कोणता, आवृत्ती कोणती, मुदत कधी संपते, हे ग्राहकाला लेखी द्यावे. माय-एसक्यूएल शेलमध्ये अपग्रेडपूर्व तपासणीचे साधन फुकट मिळते, ते जरूर चालवावे, पण त्यावर विसंबू नये. ते डेटाबेसच्या आत पाहते, तुमच्या प्रोग्राममधील ओळी वाचत नाही. क्रमाचा घोटाळा त्याला दिसणार नाही.

म्हणून चाचणी मूळ डेटावर न करता त्याच्या प्रतीवर व्हावी आणि तपासायला मालक किंवा त्याचा चलन लिहिणारा माणूस शेजारी बसावा. वेळही आपल्या सोयीची निवडता येते. माल पाठवणाऱ्या कंपन्यांचे मार्चअखेरचे आयटीसी-०४ विवरण २५ एप्रिलपर्यंत भरायचे असते आणि त्यासाठी चलनाचलनाचा मेळ घातला जातो. तोच मेळ मे महिन्यात नव्या आवृत्तीवर पुन्हा काढावा आणि जुन्या कागदाशी ओळीने ओळ ताडून पाहावा. शिल्लक नगांची बेरीज जुळली एवढ्यावर समाधान मानू नये, प्रत्येक चलनाची तारीख आणि त्यापुढची शिल्लक जुळली पाहिजे. जुळली, तर येणाऱ्या साप्ताहिक सुट्टीला बदल करून घ्यावा. नाही जुळली, तर प्रोग्राममधली ओळ दुरुस्त करून पुन्हा मेळ काढावा, आणि तोवर बिलिंग जुन्यावरच चालू ठेवावे.