रेल्वे कुणाच्या गव्हावर धावली?



अर्थशास्त्राचे एक प्राध्यापक मागे आपल्या तालुक्याच्या गावी व्याख्यान देऊन गेले. म्हणाले, "अमेरिकेकडे बघा. रेल्वे आली, कारखाने आले, देश श्रीमंत झाला. शेतकऱ्यांनी रडगाणे थांबवावे." टाळ्याही पडल्या. मी शेतकी कॉलेजातला माणूस, अर्थशास्त्र माझा विषय नाही. पण हिशेब मला समजतो. प्राध्यापकांनी हिशेबाची जमेची बाजू तेवढी वाचली. नावेची बाजू मी वाचतो.

जमेची बाजू खोटी नाही, हे आधीच कबूल करतो. १८३० मध्ये अमेरिकेत नाव घेण्याजोगी रेल्वे नव्हती. १८६० मध्ये ती तीस हजार मैल झाली आणि १९०० च्या सुमारास १ लाख ९० हजार मैलांच्या पुढे गेली. रुळांना पोलाद लागले, पोलादाला कोळसा लागला. पिट्सबर्गजवळ कार्नेगीचा कारखाना १८७५ मध्ये सुरू झाला तो मुख्यतः रूळ पाडण्यासाठीच. शिकागोत कापलेले मांस बर्फाच्या डब्यांतून न्यूयॉर्कला जाऊ लागले. सगळा देश एक बाजारपेठ झाला.

पण पैसा कुणाचा? १८६२ च्या कायद्याने पॅसिफिक रेल्वे कंपन्यांना रुळाच्या दर मैलामागे जमिनीचे दहा तुकडे मिळाले, एकेक तुकडा ६४० एकरांचा. १८६४ मध्ये त्याचे दुप्पट केले. वर सपाटीवर मैलाला १६ हजार आणि डोंगरात ४८ हजार डॉलरचे सरकारी रोखे कर्जाऊ. सगळ्या कंपन्यांना मिळून केंद्र सरकारने सुमारे १३ कोटी एकर जमीन दिली. आपला अख्खा महाराष्ट्र दीडपट केला तरी एवढी जमीन भरत नाही. ती मूळच्या आदिवासी टोळ्यांची होती. त्यांना हुसकून लावले, तो हिशेब तर कुणीच मांडत नाही. युनियन पॅसिफिकच्या कारभाऱ्यांनी बांधकामाची वेगळी कंपनी काढून स्वतःच स्वतःला फुगवलेले कंत्राट दिले आणि तिचे शेअर खासदारांना स्वस्तात वाटले. १८७२ मध्ये हे उघडकीला आले. याला म्हणे खुला बाजार!

आता भाड्याचे बघा. इलिनॉयमध्ये गिलमन नावाचे गाव आहे. तिथून न्यूयॉर्कला २६ हजार पौंड, म्हणजे सुमारे बारा टन माल पाठवायला वाबाश रेल्वेने ६५ डॉलर घेतले. त्याच वजनाचा, त्याच प्रकारचा माल पिओरियाहून गेला तो ३९ डॉलरमध्ये. आणि पिओरिया गिलमनपेक्षा ८६ मैल लांब! लांबच्याला कमी, जवळच्याला जास्त. कारण साधे आहे. पिओरियाला माल नेणारे अनेक होते. गिलमनला तेवढी स्पर्धा नव्हती. ज्याला दुसरे गिऱ्हाईक नाही त्याच्याकडून काय वसूल होते, हे तुम्हाला मी शिकवायला नको.

रेल्वेच्या टोकाला शिकागोची धान्यकोठारे. पूर्वी शेतकऱ्याचा गहू त्याच्या पोत्यात, त्याच्या नावाने जाई. आता प्रत ठरवून सगळा एका ढिगात. प्रत कोण ठरवणार? शेतकरी नव्हे. प्रतवारी वाईट असे मी म्हणत नाही, त्याशिवाय मोठा व्यापार होत नाही. पण शिकागोतले कोठारवाले एकत्र बसून वर्षाचे दर ठरवीत, त्याला व्यापार म्हणत नाहीत.

कारखान्यांनाही फुकटचे संरक्षण होते. १८७० मध्ये परदेशी पोलादी रुळांवर टनाला २८ डॉलर जकात बसवली. रूळ महाग, म्हणून भाडे जास्त, म्हणून शेतकऱ्याच्या हाती कमी. त्याचा गहू मात्र लिव्हरपूलच्या खुल्या बाजारात उघडा. त्याच बाजारात १८८० नंतर आपल्या मध्य प्रांतातला गहूही रेल्वेने मुंबईला येऊन, सुएझच्या कालव्यातून जात होता. दोन्हीकडच्या शेतकऱ्यांना एकमेकांचा पत्ता नव्हता.

"भाडे तर घटत गेले," असे प्राध्यापक म्हणतील. खरे आहे. १८७० ते १९०० मध्ये सरासरी भाडे निम्म्याहून खाली आले. पण १८८१ मध्ये बुशेलला डॉलरच्या वर असलेला गहू १८९४ मध्ये पन्नास सेंटच्या आसपास उतरला. कर्ज मात्र आहे तेवढेच राहिले. कॅन्ससमध्ये शेतकऱ्यांनी मका चुलीत जाळला, कारण कोळसा विकत घेणे परवडेना.

तिथला शेतकरी गप्प बसला नाही. १८६७ मध्ये ग्रेंज ही संघटना निघाली, १८७५ च्या सुमारास तिचे सभासद आठ लाखांवर गेले. रूळ उखडा असे ते म्हणाले नाहीत. दर उघड करा आणि सर्वांना सारखे लावा, एवढीच मागणी. १८७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मान्य केले की कोठारांचे कमाल दर राज्य ठरवू शकते. १८८६ मध्ये गिलमनच्याच खटल्यात त्याच न्यायालयाने हात आखडला: राज्याबाहेर जाणाऱ्या मालाचे भाडे राज्याने ठरवायचे नाही. म्हणून १८८७ मध्ये केंद्राचा कायदा आला, आयोग बसला. दहा वर्षांनी न्यायालय म्हणाले, आयोगाला दर ठरवण्याचा अधिकारच नाही! तो अधिकार यायला १९०६ उजाडले. ग्रेंज निघाल्याला तोवर एकोणचाळीस वर्षे झाली होती.

प्राध्यापक महाशय पुन्हा आले, तर टाळ्या वाजवण्याआधी कुणीतरी उठून ३९ आणि ६५ हे दोन आकडे त्यांच्यापुढे ठेवा.