मगरीच्या तावडीतून सुटका काठावर ठरते

नदीत मगरीने धरलेला माणूस जिवंत परतला की बातमी त्याच्या हिंमतीची होते. ती हिंमत खरी असते आणि तिचे कौतुक व्हायलाच हवे. पण अशा गाजलेल्या घटना शेजारी ठेवून वाचल्या की पाण्यातल्या माणसाइतकेच काठावरच्या माणसाकडे लक्ष जाते. २०१४ च्या एप्रिलमध्ये वडोद्याजवळच्या पादरा तालुक्यात विश्वामित्री नदीवर धुणे धुणाऱ्या एका तरुणीचा पाय मगरीने धरला. तिची आई हाताशी होती. एका हाताने लेकीला धरून तिने दुसऱ्या हातातल्या कपडे धुण्याच्या मोगरीने मगरीला झोडपले आणि कितीतरी मिनिटांनी ती पकड सुटली. २०२३ च्या एप्रिलमध्ये राजस्थानातल्या करौली जिल्ह्यात चंबळेच्या काठी शेळ्यांना पाणी पाजणाऱ्या एका पशुपालकाला मगरीने ओढले. त्याच्या बायकोने काठीने मगरीच्या डोक्यावर घाव घातले, डोळ्यात काठी खुपसली आणि नवरा परत मिळवला. दोन्ही ठिकाणी शस्त्र घरगुती होते, प्रशिक्षण कसलेच नव्हते. हाकेच्या अंतरावर दुसरे माणूस होते आणि त्याच्या हातात लाकूड होते. म्हणून माझे म्हणणे असे आहे की मगरीच्या हल्ल्यातून वाचणे हा नशिबाचा किंवा एकट्याच्या मर्दुमकीचा भाग कमी आणि काठावरच्या व्यवस्थेचा भाग जास्त आहे. ही व्यवस्था गावाला करता येते आणि ती महागही नाही.

मगर शिकार कशी करते ते पाहिले की यामागचे कारण कळते. आपल्या नद्यांतली मगर उथळ पाण्यात फक्त डोळे आणि नाकपुड्या वर ठेवून तासन् तास निश्चल राहते आणि भक्ष्य काठाशी वाकले की झडप घालते. तिचे जबडे मिटणारे स्नायू अवाढव्य असतात आणि उघडणारे त्या मानाने फार दुबळे. एकदा मिटलेला जबडा एकट्याने उचकटणे जवळजवळ अशक्य असते. दातांनी माणूस मेला नाही तरी पाण्याखाली ओढून, अंगाभोवती गिरकी घेऊन ती त्याला बुडवते. मात्र या प्राण्याची एक बाजू कच्ची आहे. तो थंड रक्ताचा, एका दमात सारी ताकद ओतणारा आणि लवकर थकणारा आहे. शिकार महागात पडतेय असे वाटले की पुष्कळदा तो ती सोडतो. म्हणजे सारा खेळ पहिल्या काही क्षणांचा असतो. त्या क्षणांत पकडलेल्या माणसाला खोल पाण्यात जाऊ न देणारा एक हात आणि मगरीच्या डोळ्यांवर, नाकाडावर बसणारे चार तडाखे मिळाले तर पारडे फिरते. ते मिळाले नाहीत तर पट्टीचा पोहणाराही काही करू शकत नाही, कारण तिथे पोहण्याची स्पर्धा नसते, श्वासाची असते आणि मगर श्वास कितीतरी जास्त वेळ रोखू शकते.

एकट्याने सुटलेले लोक नाहीत असे नाही. ऑस्ट्रेलियातल्या तत्त्वचिंतक व्हॅल प्लमवुड यांना फेब्रुवारी १९८५ मध्ये काकाडू राष्ट्रीय उद्यानात खाऱ्या पाण्यातल्या मगरीने धरले. ही जात आपल्या मगरीपेक्षा पुष्कळ मोठी आणि जास्त घातक. तिने त्यांना तीनदा पाण्याखाली फिरवले, तरी त्या निसटल्या, चिखलाचा काठ चढल्या आणि जखमी अवस्थेत बराच वेळ सरपटत, चालत राहिल्या. पण त्या जगल्या त्या वेळेवर परतल्या नाहीत हे वनरक्षकाच्या ध्यानात आले आणि तो शोधायला निघाला म्हणून. अमेरिकेतल्या ऑरलँडोजवळ २०१७ मध्ये एका दहा वर्षांच्या मुलीने पाय धरणाऱ्या ॲलिगेटरच्या, म्हणजे मगरीच्या भाऊबंदाच्या, नाकपुड्यांत बोटे घालून पाय सोडवला. तिचे प्रसंगावधान जगभर गाजले. ती पोहत होती ती जागा पोहण्यासाठी राखलेली होती आणि जीवरक्षक तिथे हजर होते, ही गोष्ट मागे राहिली. डोळ्यांवर मारा, नाकाडावर मारा, पाय नुसता हिसडू नका, हात तोंडात गेलाच असेल तर घशाच्या तोंडाशी असलेल्या पडद्यावर जोर द्या, हे सल्ले तज्ज्ञ देतात आणि ते प्रत्येक नदीकाठच्या शाळेत शिकवावेत असेच आहेत. पण ते शेवटच्या क्षणाचे सल्ले आहेत. ज्या गावाकडे त्याआधीचे काहीच नाही, त्या गावाने पोरांना एवढेच शिकवून मोकळे होऊ नये.

आकडेही हेच सुचवतात. फ्लोरिडात १९४८ पासून माणसाने न डिवचता ॲलिगेटरने चावा घेतल्याच्या साडेचारशेच्या आसपास नोंदी आहेत. त्यांत मृत्यू तीसच्या आसपास. आपल्याकडच्या मगरीच्या २००८ ते २०१३ या काळातल्या नोंदलेल्या शंभराहून अधिक हल्ल्यांत सुमारे एक तृतीयांश लोक दगावले. या फरकाचे सगळे श्रेय व्यवस्थेला देता येणार नाही. प्राण्याचा स्वभाव वेगळा आहे आणि आपल्याकडे लहानसहान चाव्यांची नोंदच होत नसल्याने प्रमाण फुगलेले दिसत असणार. तरीही एक गोष्ट उरतेच. तिथला माणूस बहुधा हौसेने पाण्यात उतरतो आणि चावल्यावर रुग्णालय जवळ असते. आपल्याकडे माणूस गरजेने उतरतो आणि रुग्णालय लांब असते. जबड्यातून सुटलेल्याला पुढे रक्तस्राव आणि जखम चिघळणे या दोन गोष्टी मारतात. मगरीच्या तोंडातले आणि नदीच्या पाण्यातले जंतू खोल जखमेत शिरतात. अशी जखम भरपूर पाण्याने धुवावी लागते, घाईने शिवून बंद करता येत नाही, धनुर्वाताची लस आणि योग्य प्रतिजैविके वेळेत द्यावी लागतात. काठावर करायचे काम एकच असते : स्वच्छ कापडाने जखम घट्ट दाबून धरणे, १०८ ला फोन करणे आणि हळद, चुना, माती यांपैकी काहीही न लावणे.

इथे वाशीम जिल्ह्यातल्या मानोरा तालुक्यातला, इंझोरीचा वाचक रास्त प्रश्न विचारील. आमच्या अडाण नदीला सांगलीच्या कृष्णेची किंवा वडोद्याच्या विश्वामित्रीची गोष्ट कशाला सांगता? पहिले उत्तर भूगोलाचे आहे. मगर फक्त मोठ्या नदीत राहत नाही. धरणाचे जलाशय, तलाव, कालवे तिला चालतात, पुरात ती लांब वाहत जाते आणि पाणी आटले की रात्री जमिनीवरून चालत दुसरे पाणी गाठते. विदर्भात ताडोब्याच्या तलावात आणि तोतलाडोहच्या जलाशयात मगरी आहेतच. अडाणवर धरण आहे आणि तिचे पाणी पुढे पैनगंगेला मिळते. नद्या अशा जोडलेल्या असताना आपल्या डोहात काय येणार नाही याची हमी कोणी देऊ नये. पण मला दुसरे उत्तर जास्त महत्त्वाचे वाटते. समजा अडाणच्या पात्रात मगर कधीच आली नाही. तरी बुडून मरणे तिथे आहेच. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकड्यांनुसार देशात दरवर्षी पस्तीस हजारांहून अधिक माणसे बुडून मरतात. मगरीने मारलेल्यांशी या संख्येची तुलनाच होत नाही. पोळ्याला बैल धुवायला भर पावसाळ्यातल्या पाण्यात उतरणारी पोरे, विसर्जनाची गर्दी, उन्हाळ्यात डोहावर जमणारी शाळकरी मुले, मोटारीचा फूटव्हॉल्व्ह साफ करायला एकटाच उतरणारा शेतकरी : मगरीने गाठावे असे जे जे प्रसंग, तेच बुडण्याचेही. आणि दोन्हींतून वाचवणारा माणूस एकच, काठावर जागा असलेला. मगरीसाठी केलेली तयारी इंझोरीत मगर न येताही वाया जात नाही.

ही तयारी म्हणजे नेमके काय? सांगली जिल्ह्यात कृष्णाकाठी मगरींचे हल्ले वर्षानुवर्षे होत आले आहेत. २०१९ च्या मे महिन्यात मौजे डिग्रज इथे नदीत अंघोळीला उतरलेल्या एका मुलाला मगरीने ओढून नेले. अशा घटनेनंतर पाण्यात उतरू नका असे फलक लागतात. फलक लावण्यात गैर काही नाही, पण ज्या बाईच्या घरी नळाला पाणी आठवड्यातून मोजकेच येते तिला फलक काय सांगणार? तिने धुणे कुठे न्यायचे? हर घर नळाची घोषणा २०१९ ची आहे. उन्हाळ्यात तो नळ कोरडा राहतो तेव्हा सरकारच माणसांना डोहाकडे पाठवत असते, हे स्पष्टपणे बोलले पाहिजे. म्हणून पहिली गोष्ट काठापासून दहा-पंधरा पावले वर बांधलेला धुण्याचा ओटा आणि त्याला मोटारीने चढवलेले पाणी. ज्या पाण्यात मगर आहे तिथे दुसरी गोष्ट कुंपणाची. श्रीलंकेत नदीपात्रात खांब रोवून अंघोळीपुरती जागा बंदिस्त करण्याची जुनी रीत आहे. ओडिशात भितरकनिकाच्या परिसरात २०२३ मध्ये लागोपाठ मृत्यू झाल्यावर वनखात्यानेही घाटांना कुंपणे घातली. या उपायाची मर्यादा सांगायला हवी. पुराने मोडलेले कुंपण नसलेल्या कुंपणापेक्षा वाईट, कारण माणूस विसंबून राहतो आणि फटीतून मगर आत येते. आपल्याकडे पूर ओसरल्यावर, दिवाळीच्या सुमारास ते तपासून पुन्हा उभे करावे लागेल आणि पावसाळ्यात त्यावर विसंबणे सोडून द्यावे लागेल. बाकीचे साहित्य अगदी साधे : घाटावर कायमचा टांगलेला लांब बांबू, गाठी मारलेला दोर, हवा भरलेली जुनी ट्यूब. आणि एकट्याने पाण्यात उतरायचे नाही, तिन्हीसांजेनंतर तर नाहीच, हा गावाचा रिवाज. बुडालेल्याला उलटे टांगून किंवा पोट दाबून पाणी काढायचे नसते, श्वास थांबला असेल तर तोंडाने श्वास आणि छातीवर दाब द्यायचा असतो, हे गावातल्या दहा-वीस जणांना हाताने करता आले पाहिजे. आशाताईंना, पोलीस पाटलांना आणि नदीत रोज उतरणाऱ्या भोई बांधवांना हे आधी शिकवावे. खरे म्हणजे भोयांना नदीचे जेवढे कळते तेवढे कोणत्याच खात्याला कळत नाही. शिकवणारे म्हणूनही त्यांनाच मानधन देऊन बोलवावे.

यावर हमखास येणारा आक्षेप असा की एवढे सगळे करण्यापेक्षा मगर पकडून दुसरीकडे नेऊन सोडा. वस्तीत शिरलेली किंवा माणसाला मारणारी विशिष्ट मगर हलवावी लागते, याबद्दल दुमत नाही. पण सरसकट धरपकडीने नदी सुरक्षित होत नाही. मगरीला आपल्या हद्दीची ओढ असते आणि ती लांबूनही परत येऊ शकते; आणि मोकळी झालेली चांगली जागा दुसरी मगर घेते. शिवाय सोडायचे कुठे? ज्या जलाशयात सोडाल तिथेही कोणाचे तरी धुणे आणि कोणाची तरी जाळी असतेच. त्यापेक्षा तिचे वेळापत्रक समजून घेणे उपयोगाचे. मादी उन्हाळ्याच्या तोंडाशी वाळूच्या काठात अंडी घालते, त्यांची राखण करते आणि पावसाळ्याच्या आधी पिल्ले बाहेर पडतात. नेमके तेव्हाच पात्र आटून माणूस, गुरे आणि मगर एकाच डोहावर येतात. काठावरची वाळू उपसून आपण तिच्या अंड्यांच्या जागाही मोडतो आणि उथळ उतार खोल खड्ड्यांचे करून आपल्याच पोरांना बुडवतो.

दुसरा आक्षेप रागाचा आहे आणि तो मला समजतो. कारंजा-सोहोळ अभयारण्याच्या आसपासच्या शेतकऱ्याने रोही आणि रानडुकरांपायी उभे पीक गमावले आहे. त्याला १९७२ च्या कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत बसलेला आणखी एक प्राणी आपल्या डोक्यावर नको आहे. सरकारला जनावराचा जीव मोठा आणि आमचा लहान, असे तो म्हणतो. भरपाई मिळते, वन्यप्राण्याच्या हल्ल्यातल्या मृत्यूची रक्कम राज्याने २०२२ मध्ये वीस लाखांवर नेली. पण मृत्यूनंतर लाखो रुपये द्यायला तयार असलेली व्यवस्था त्याआधी ओट्यासाठी, दोरासाठी काही देत नसेल तर त्याचा राग रास्तच आहे. तो राग मगरीवर काढून मात्र हाती काही लागणार नाही. १९७५ मध्ये मगर संवर्धन प्रकल्प सुरू झाला तो कातड्यासाठी झालेल्या बेसुमार शिकारीने हा प्राणी संपत आला होता म्हणून, आणि मेलेले, आजारी मासे व जनावरे खाऊन पाणी राखणारा तो प्राणी आहे. गोव्यात दुर्भाट आणि भोम इथे पौष अमावास्येला चिखलाची मगर करून तिची पूजा होते. खाडीकाठच्या खाजण शेतांच्या बांधांवर राबणाऱ्या लोकांनी भीती आणि शेजार दोन्ही सांभाळल्याची ती खूण आहे. पूजेने चावा टळत नाही, हे त्या लोकांनाही माहीत असते. पण मगर कुठे बसते, कधी चिडते, याकडे लक्ष ठेवण्याची सवय अशा रीतींतून पिढ्यान् पिढ्या टिकते.

मग खर्चाचे काय? ओटा, मोटार, बांबू, दोर आणि दोन दिवसांचे प्रशिक्षण हे ग्रामपंचायतीच्या वार्षिक आराखड्यात बसणारे काम आहे. पाणी आणि स्वच्छतेसाठी राखून ठेवलेल्या वित्त आयोगाच्या निधीतून धुण्याचा ओटा मागता येतो, प्रशिक्षण जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाकडून मागता येते. वाशीमला २०२४ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. प्राण्यांच्या चाव्याची जखम आणि बुडालेल्याचे उपचार यांवर तिथल्या डॉक्टरांनी मानोरा-कारंज्याच्या आरोग्य कर्मचाऱ्यांचा एक वर्ग घ्यावा, ही मागणीही अवाजवी नाही. प्रश्न वेळेचा आहे. १५ ऑगस्टच्या ग्रामसभेपर्यंत पूर आलेला असतो आणि पोळा तोंडावर असतो. १ मेला ठराव केला तर ओटा बांधून होईपर्यंत उन्हाळा संपतो. अडाणकाठच्या गावांनी हा ठराव २६ जानेवारीच्या ग्रामसभेत घ्यायला हवा, म्हणजे पात्र डोहांपुरते आटायच्या आत बांबू आणि दोर घाटावर टांगलेले असतील.