लायब्रेरियनबाईंना भेटलात का?

मुलांच्या शाळेतली पेरेंट-टीचर कॉन्फरन्स आपण सहसा चुकवत नाही. लायब्रेरियनबाईंना भेटायचं मात्र मनातही येत नाही. आपल्या डोळ्यांसमोर असतात ते कुलूपबंद कपाटाच्या किल्ल्या सांभाळणारे ग्रंथपाल!

इथे अमेरिकेत हे काम निराळं आहे. कॅलिफोर्नियात सहावीला प्राचीन भारत शिकवतात. असा विषय आला की शिक्षकांचा मोठा आधार म्हणजे लायब्रेरियन. ‘स्कूल लायब्ररी जर्नल’, ‘बुकलिस्ट’ यांतली परीक्षणं वाचून त्या पुस्तकं, नकाशे, फिल्म्स निवडतात आणि ढकलगाडीवर रचून वर्गात पाठवतात. वर्गाला भारत दिसतो तो बराचसा या गाडीवरचा. त्यावर नुसते साप आणि महाराजे असले, तर प्रश्नांना तोंड द्यावं लागतं वर्गातल्या एकुलत्या एका भारतीय मुलाला.

निवडण्याइतकंच महत्त्वाचं काम म्हणजे जुनं काढून टाकणं. शेतातलं तण काढावं तसं. इंग्रजी शब्दही ‘वीडिंग’ असाच आहे. १९९५ मध्ये बॉम्बेचं मुंबई झालं, २००० मध्ये तीन नवी राज्यं आली, २०१४ मध्ये तेलंगण. ज्या अ‍ॅटलासला यातलं काहीच ठाऊक नाही, तो कपाटात कशाला? ग्रंथालय ही वाढती, जिवंत गोष्ट आहे, हे आपल्या डॉ. रंगनाथनांनी १९३१ सालीच सूत्रात सांगून ठेवलंय.

मग आपण काय करायचं? एकदा जाऊन भारताचं कपाट बघायचं. ९५४ हा भारताच्या इतिहासाचा ड्यूई क्रमांक. चूक दिसली तर तक्रारीच्या सुरात नको. चांगल्या चार पुस्तकांची नावं लिहून द्यावीत. घरातली जुनी पुस्तकं खोक्यात भरून मात्र नेऊ नयेत. देणगीची पुस्तकंही बहुधा त्याच कसोटीवर पारखली जातात.

आणखी एक. बजेट आखडलं की अनेक ठिकाणी पहिली कुऱ्हाड पडते ती याच जागेवर. कुठे कुठे एकाच लायब्रेरियनला दोन-तीन शाळा सांभाळाव्या लागतात. मग निवडायचं कोणी आणि तण काढायचं कोणी? स्कूल बोर्डाच्या बजेट-सभेत दोन मिनिटं उभं राहून बोलायला आपण बिचकतो. ते आता सोडायला हवं.

एप्रिल हा इथे १९८५ पासून ‘स्कूल लायब्ररी मंथ’ म्हणून पाळतात. निमित्त आयतंच आहे. भेटून या, आणि तुमच्या पसंतीच्या पुस्तकांची नावं आम्हालाही जरूर कळवा.