एकविसावा दात

वर्षअखेरीस दुकानातील मालाची मोजदाद होते. वहीतील आकडा आणि गोदामातील पोती जुळली नाहीत, तर जाणता व्यापारी कोणावर ठपका ठेवण्याआधी पुन्हा मोजतो. घरातील लहान मुलांच्या दातांबाबत मात्र ही सवय फार थोडी कुटुंबे पाळतात.

दुधाचे दात एकूण २०. प्रत्येक जबड्यात समोर पटाशीचे ४, त्यांच्या दोन्ही बाजूंस एकेक सुळा आणि मागे दोन्हीकडे दोन-दोन दाढा. साधारण सहाव्या महिन्यापासून ते येऊ लागतात आणि अडीच-तीन वर्षांपर्यंत संच पूर्ण होतो. क्वचित एखाद्या बालकाच्या तोंडात एकविसावा दात आढळतो. दुधाच्या दातांत असे होण्याचे प्रमाण शंभरात एकाहूनही कमी आहे. हा दात बहुधा वरच्या जबड्यात पुढच्या बाजूस येतो आणि शेजारच्या दातासारखाच दिसत असल्याने कित्येकदा लक्षातही येत नाही.

एका भुसार व्यापाऱ्याच्या घरी चार वर्षांच्या मुलीचे दात घासताना तिच्या आईला वरच्या दोन सुळ्यांच्या मध्ये चाराऐवजी पाच दात दिसले. दुपारपर्यंत घरभर चर्चा झाली. जास्तीचा दात मामाला भारी असतो, असे आजींनी सांगितले. आत्याने गरोदरपणातील ग्रहणाची आठवण काढली आणि सुनेने त्या दिवशी काही चिरले होते काय, याची चौकशी झाली. आजोबांचे मत व्यवहारी होते : दुधाचाच दात, आपोआप पडेल. मुलीच्या मामाचे लग्न महिन्यावर आले होते. त्यामुळे दात तत्पूर्वी काढून टाकावा, असा आग्रह वाढू लागला. मुलीची आई गप्प होती. इतक्या मतांमध्ये मुलीच्या तोंडात नीट पाहिले होते ते तिने एकटीने.

अखेर तीच मुलीला बालदंतचिकित्सकांकडे घेऊन गेली. त्यांनी दात मोजले, क्ष-किरण चित्र काढले आणि सांगितले की दात सरळ आहे, किडलेला नाही, कोणाच्या वाटेत नाही. आज त्याला हात लावण्याचे कारण नाही. आईच्या आहाराचा वा ग्रहणाचा याच्याशी संबंध नाही. गर्भावस्थेत, दात घडवणाऱ्या पेशींच्या पट्टीला एखादा जास्तीचा अंकुर फुटतो आणि त्याचा दात होतो. कधी कधी हा गुण घराण्यातही असतो. मामाचे लग्न ठरल्या मुहूर्तावर, भाचीच्या २१ दातांसह पार पडले.

आचार्य समंतभद्रांनी ‘रत्नकरंडक श्रावकाचारा’त सम्यग्दर्शनाच्या आड येणाऱ्या ज्या तीन मूढता सांगितल्या आहेत, त्यांत लोकमूढता एक आहे. लोक करतात म्हणून, कारण न तपासता करणे, हे तिचे स्वरूप. दातावरून मामाचे भविष्य ठरवणे आणि सुनेला दोष देणे यांत त्याहून निराळे काय आहे? अशा समजुतीपायी निरोगी दात उपटला, तर लेकराला विनाकारण वेदना दिल्याचा दोषही पदरी येतो.

तथापि आजोबांचे मतही पूर्ण बरोबर नव्हते. दुधाचा जास्तीचा दात पडून जाईल हे खरे. परंतु ज्या मुलांना असा दात असतो, त्यांच्यापैकी अनेकांच्या हिरडीत कायमचा दातही जास्तीचा असू शकतो. तो आतच राहून खऱ्या दाताची वाट अडवतो, त्याला वाकडे करतो किंवा दोन दातांत फट पाडतो. म्हणून सहा-सात वर्षांच्या सुमारास, पुढचे कायमचे दात येण्याच्या वेळी, पुन्हा तपासणी आणि गरज भासल्यास पुन्हा क्ष-किरण चित्र आवश्यक ठरते. पुढचा एक दात येऊन सहा महिने लोटले तरी त्याचा जोडीदार आला नाही, तर थांबू नये.

जास्तीच्या दातामुळे गर्दी होत असेल, तो किडला असेल वा दुसऱ्या दाताला अडवत असेल, तर तो काढावा लागतो. परंतु जास्तीचा कोणता आणि खरा कोणता, हे तज्ज्ञांनीच ठरवावे. घरी दोरा बांधून ओढू नये. दोन दात जोडले जाऊन एक रुंद दात होतो, तो प्रकार वेगळा. सहाव्या वर्षी खालच्या दुधाच्या दातामागे दुसरा दात डोकावतो, तोही बहुधा जास्तीचा नसून वेळेवर आलेला कायमचा दात असतो. पुढचा दात हलत असेल तर थोडी वाट पाहावी; हलत नसेल तर डॉक्टरांना दाखवावे.

दाटीवाटीच्या जागी अन्न अडकते. म्हणून सात-आठ वर्षांपर्यंत मुलांचे दात मोठ्यांनी स्वतः घासून द्यावेत, रात्रीचे घासणे चुकवू नये आणि दर सहा महिन्यांनी तपासणी करावी. मुलाच्या लसीकरणाच्या कार्डासोबत एक कागद ठेवून त्यावर दातांची संख्या, क्ष-किरण चित्राची तारीख आणि पुढील तपासणीचे वर्ष लिहून ठेवावे. उधारीची तारीख न विसरणाऱ्या घरात एवढी नोंद जड नाही.