पाचवा माणूस कोण, हे साहेब ठरवणार

दर पंधरा-वीस दिवसांनी एक सरकारी प्रेसनोट येते. 'जिल्ह्यात मनाई आदेश लागू.' तारखा बदलतात, मजकूर तोच. सण, जयंती, परीक्षा, निवडणूक, आंदोलनांची शक्यता... कारणं इतकी सगळी एकदम असतात की त्यातून वर्षातला एक दिवस सुटायचा नाही. पेपरात ती आतल्या पानावर सिंगल कॉलम येते, कुणी वाचत नाही.

जरा वाचा. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१. कलम ३७. शस्त्रं, लाठ्याकाठ्या, दगड बाळगायला बंदी. ठीक, त्याबद्दल कुणाची तक्रार नाही. पण त्याच यादीत पुतळ्यांचं प्रदर्शन आहे, जाहीर घोषणा आहेत, गाणी म्हणणं आणि वाद्य वाजवणंही आहे. सभ्यतेला किंवा राज्याच्या सुरक्षिततेला बाधक वाटेल असं भाषण आणि हावभावही आहेत. वाटेल कुणाला? आदेश काढणाऱ्या अधिकाऱ्याला. पोटकलम ३ खाली जमावबंदी. आदेशात लिहिलेलं असतं, पाच किंवा त्याहून जास्त माणसं नकोत.

आता आपल्या चौकात या. चहाच्या टपरीवर सकाळी सात जण उभे असतात. भाऊंच्या वाढदिवसाला भर रस्त्यात तलवारीने केक कापतात, डीजे लावून, दोनशे पोरं. कागदावर दोन्हीकडे आदेशाचा भंगच. टपरीवाल्यांना कुणी विचारत नाही, विचारूही नये. भाऊंनाही बहुतेक वेळा विचारत नाहीत. पण कांद्याच्या भावासाठी आठ शेतकरी फलक घेऊन तहसीलसमोर बसले की आदेश लगेच आठवतो. मंत्र्यांचा दौरा असला तर आदल्या रात्रीच कार्यकर्त्याच्या दारात नोटीस. पूर्वी ती १४९ ची असायची, नव्या संहितेत १६८ ची झाली. काही जणांना सकाळीच ठाण्यात बोलावून चहा पाजतात आणि हेलिकॉप्टर उडालं की सोडतात. मारहाण नाही, शिवीगाळ नाही. इन्स्पेक्टर 'दादा' म्हणून बोलतो.

मला भीती वाटते ती याच गोडव्याची. सगळेच जर बारा महिने नियम मोडत असतील, तर गुन्हेगार कोण हे कायदा सांगत नाही, खुर्चीवर बसलेला माणूस सांगतो. तुम्ही आज मोकळे फिरताय ते हक्काने नाही, साहेबांचं तुमच्याकडे लक्ष गेलेलं नाही म्हणून. राज्यघटनेच्या कलम १९ ने शांततेने, विनाशस्त्र जमण्याचा हक्क दिला. आपल्या गावात त्याची मेहेरबानी झाली.

गुन्हा दाखल झाला तरी शिक्षा फार मोठी नसते, हे खरं. पण शिक्षेची गरजच कुठे पडते? गावातला बाप पोराला काय सांगतो? 'मोर्च्यात जाऊ नको, भरतीला पोलीस व्हेरिफिकेशन असतं.' पासपोर्ट आहे, चारित्र्य पडताळणी आहे, एक नोंद पडली की वर्षानुवर्षं तारखा. एका कागदाच्या भीतीने अख्खी पिढी गप्प बसते आणि गप्प बसण्याला संस्कार म्हणते. दुकानदार नगरपालिकेच्या कारभारावर अर्धा तास बोलतो आणि शेवटी म्हणतो, 'भाऊ, नाव टाकू नका हं.' त्याला कुणी धमकावलेलं नसतं. त्याने स्वतःच स्वतःवर बंदोबस्त लावलेला असतो, तोही फुकट.

यावर 'दंगल झाली मग?' हा प्रश्न येणारच. दंगलीची खरी शक्यता असेल तर आदेश काढाच. पण धोका काय, कुठल्या भागात, किती दिवस, हे लिहा. कायद्यानेच अशा जमावबंदीला राज्य सरकारच्या मंजुरीशिवाय पंधरा दिवसांपेक्षा जास्त मुदत दिलेली नाही. का? ही सत्ता कायमची कुणाच्या हाती राहू नये म्हणूनच ना? आपण सोळाव्या दिवशी नवा कागद काढून ती मर्यादा खाऊन टाकली. काश्मीरच्या अनुराधा भसीन प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १० जानेवारी २०२० ला स्पष्ट सांगितलं, की १४४ चे आदेश पुन्हा पुन्हा काढणं हा अधिकाराचा गैरवापर आहे आणि रास्त मत मांडणं दाबायला ते वापरता येत नाहीत. तो निकाल १४४ बद्दल होता, ३७ बद्दल नव्हता, मान्य. पण तर्क बदलतो का?

आणि हे एका पक्षाचं नाही. आज जे विरोधात बसून लोकशाही लोकशाही करताहेत, त्यांच्या राज्यातही हीच प्रेसनोट यायची. त्यामुळे कमेंटमध्ये झेंडे घेऊन येऊ नका.

सोमवारी माहिती अधिकाराचा अर्ज टाकतोय. दहा रुपयांचं तिकीट लावून. गेल्या तीन वर्षांत जिल्ह्यात कलम ३७ चे किती आदेश निघाले, एकूण किती दिवस ते लागू नव्हते, आणि १३५ खाली गुन्हे दाखल झाले ते कुठल्या कारणासाठी जमलेल्या लोकांवर. उत्तर आलं की इथेच टाकेन. कुणाला सोबत यायचं असेल तर अकरा वाजता या, फक्त माझ्यासकट चारच जण होऊ द्या.